युद्धाने निम्मं नेलं, उरलेलं वहीने

नोव्हेंबर उजाडला, ब्रिटनमधल्या क्लबांच्या जर्सीवर युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाची खसखशीची लाल फुलं दिसू लागली, की फुटबॉलवेड्यांमध्ये एक जुना वाद दरवर्षी नव्याने पेटतो. ज्यांची कारकीर्द महायुद्धात सापडली त्या खेळाडूंना इतिहासात कुठे बसवायचं? लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात काही कमी नाहीत, त्यामुळे हा वाद आता मराठीतही रंगतो. तो रंगतो बहुतेक वेळा, पुढे लिव्हरपूलचा मॅनेजर म्हणून गाजलेल्या बिल शँक्लीच्या नावावर. एक गट म्हणतो, युद्ध झालं नसतं तर शँक्ली स्कॉटलंडकडून पन्नास सामने खेळला असता. दुसरा म्हणतो, जर-तरच्या गोष्टी सोडा, अधिकृत नोंदींच्या वहीत पाच लिहिलेत ना, मग पाचच. मला दोन्ही गट चुकलेले वाटतात आणि दोघांची चूक एकच आहे. युद्धाची ती वर्षं कोरी गेली, असं दोघांनीही धरून चालवलंय. ती कोरी गेलेली नाहीत. त्या काळात शँक्ली स्कॉटलंडची निळी जर्सी घालून सात सामने खेळला. म्हणजे पाच नाही, पन्नासही नाही, बारा. यातले सात ‘अनधिकृत’ म्हणून बाजूला काढून ठेवलेत, आणि ते आता अधिकृत नोंदीत घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. युद्धाने या माणसांचं जे नेलं ते कुणालाच परत आणता येणार नाही. पण जे युद्धाने नेलं नाही, जे ते खरोखर खेळले, ते खोडणारे हात वेगळे होते. ते कार्यालयात बसले होते आणि त्यांच्या हातात बंदूक नव्हे, लेखणी होती.

शँक्लीचा हिशेब जरा जवळून बघू. एअरशायरमधल्या ग्लेनबक नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यात २ सप्टेंबर १९१३ ला त्याचा जन्म. घरात दहा भावंडं, पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू, आणि हा स्वतः कोवळ्या वयात कोळशाच्या खाणीत राबलेला. कार्लाइल क्लबकडून प्रेस्टन या इंग्लिश क्लबने त्याला १९३३ मध्ये ५०० पौंडांना घेतलं. ९ एप्रिल १९३८ ला वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध तो स्कॉटलंडकडून पहिल्यांदा उतरला. टॉमी वॉकरच्या गोलने स्कॉटलंड जिंकलं आणि तीन आठवड्यांनी त्याच मैदानावर प्रेस्टनने एफए कप उचलला. पुढच्या वर्षी १५ एप्रिलला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर, धो धो पावसात, दीड लाखाला टेकलेल्या गर्दीसमोर तो पुन्हा इंग्लंडविरुद्ध खेळला. वहीच्या मते त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. एक वर्ष आणि सहा दिवस. २ सप्टेंबर १९३९ ला, नेमक्या त्याच्या सव्विसाव्या वाढदिवशी, इंग्लिश लीगचे त्या मोसमातले शेवटचे सामने झाले. दुसऱ्या दिवशी युद्ध जाहीर झालं. लीगने मग काय केलं? तोवर झालेल्या तीन फेऱ्याच रद्द ठरवल्या. त्या वेळी ब्लॅकपूल तीनपैकी तीन जिंकून अव्वल होतं. बिचाऱ्यांना तेवढंही ठेवू दिलं नाही.

आता ‘पन्नास सामने’वाल्यांचं गणित. वर्षाला पाच, गुणिले सात-आठ वर्षं, आणि वर थोडी भावनेची भर. हे गणित कच्चं आहे हे दाखवायला दुसरा एकच खेळाडू पुरे, पुढे मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर म्हणून गाजलेला मॅट बस्बी. बेलशिलजवळच्या खाणवस्तीतला हा मुलगा मँचेस्टर सिटीकडून दोन एफए कप अंतिम सामने खेळला, त्यातला एक जिंकला, पुढे लिव्हरपूलला गेला. त्याच्या जागेवर त्याच्याइतकी सुबक पासिंग करणारे ब्रिटनमध्ये फार नव्हते. शांततेच्या काळात, ऐन उमेदीत, स्कॉटलंडने त्याला किती सामने दिले? एक. १९३३ मध्ये वेल्सविरुद्ध. त्यानंतर सहा वर्षं नाव नाही. युद्ध आलं आणि हाच बस्बी देशाकडून सात सामने खेळला, कर्णधार म्हणूनसुद्धा. तेव्हा युद्धाने बस्बीची आंतरराष्ट्रीय कारकीर्द हिरावली म्हणणं सरळ सरळ खोटं आहे. युद्धाने ती त्याला दिली. हिरावली वहीने. स्कॉटलंडचे निवडकर्ते त्या काळी लहरी होते आणि इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या आपल्याच मुलांकडे तिरक्या नजरेने बघायचे. शांतता असती तर शँक्लीलाही त्यांनी डावललं नसतं याची हमी कोण देणार? ‘असता’, ‘नसता’वर उभारलेला इमला पहिल्या प्रश्नालाच ढासळतो, आणि त्यात नुकसान असं होतं की खरोखर घडलेल्या सात सामन्यांकडेही मग कुणी गंभीरपणे बघत नाही.

ते सामने होते तरी कसे? १८ एप्रिल १९४२, हॅम्पडन. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. बाहेर अंधारबंदी आणि रेशन, आत नव्वद हजारांच्या घरात माणसं. ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकवर जर्मन विमानांनी बॉम्बचा वर्षाव केला त्याला जेमतेम वर्ष झालेलं. स्कॉटलंडकडून त्या दिवशी वीस वर्षांच्या बिली लिडलने पदार्पण केलं आणि गोलही केला. पुढे हाच लिडल बॉम्बफेकी विमानांवर नॅव्हिगेटर झाला आणि युद्धानंतर लिव्हरपूलचं दैवत. एक गोल शँक्लीचा, स्कॉटलंडसाठीचा त्याच्या आयुष्यातला एकमेव. तीन गोल जॉक डॉड्सचे. समोर इंग्लंडच्या टॉमी लॉटननेही तीन मारले. निकाल ५-४, स्कॉटलंड विजयी. हा सामना बघून घरी परतलेल्या नव्वद हजार माणसांना कुणी सांगितलं असतं की बाबांनो, तुम्ही पाहिलंत ते झालंच नाही, तर?

जॉक डॉड्स. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, आणि मुळात मला लिहायचंय ते याच माणसाबद्दल, शँक्लीला त्याच्या मॅनेजरकीने अमर केलंय. डॉड्स ग्रेंजमथचा, १९१५ चा. अंगापिंडाने दणकट सेंटर फॉरवर्ड. शेफील्ड युनायटेडसाठी लीगमध्ये ११४ गोल, १९३६ च्या कप अंतिम सामन्यात आर्सेनलविरुद्ध त्याचा हेडर आडव्या खांबावर आदळला आणि सामना एका गोलने गेला. मार्च १९३९ मध्ये ब्लॅकपूलने त्याच्यासाठी १०,५०० पौंड मोजले, त्या काळात डोळे पांढरे करणारी रक्कम. तो तेवीस वर्षांचा होता. पुढची सहा-सात वर्षं, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या आयुष्यातली अस्सल सोन्याची वर्षं, सगळीच्या सगळी युद्धकाळात गेली. हवाई दलात शारीरिक शिक्षणाचा प्रशिक्षक म्हणून तो ब्लॅकपूलमध्येच होता आणि युद्धकाळात त्या क्लबसाठी त्याने दोनशेहून जास्त गोल केले. स्कॉटलंडकडून आठ सामने खेळला. आज कुठल्याही अधिकृत यादीत डॉड्सच्या नावापुढे आंतरराष्ट्रीय सामने किती लिहिलेत? शून्य. इंग्लंडविरुद्ध हॅम्पडनवर हॅटट्रिक करणारा माणूस नोंदीप्रमाणे स्कॉटलंडकडून कधी खेळलाच नाही. २००७ मध्ये, नव्वदी ओलांडून तो गेला. शून्य तसंच राहिलं.

विरोधकांचं म्हणणं पोकळ नाही, हे आधी मान्य करतो. त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा की, युद्धकाळातलं फुटबॉल हे धड फुटबॉलच नव्हतं. यातल्या काही कथा ऐकल्या की हसू आवरत नाही. डिसेंबर १९३९ मध्ये न्यूकॅसलला इंग्लंड-स्कॉटलंड सामना ठरला होता. इंग्लंडचे दोन खेळाडू येताना मोटार अपघातात सापडले. आता ऐनवेळी माणूस आणायचा कुठून? न्यूकॅसल युनायटेडचा टॉमी पिअरसन तिथेच होता, त्याला इंग्लंडकडून उतरवलं. पिअरसन स्कॉटिश होता. स्वतःच्या देशाविरुद्ध खेळून इंग्लंडला जिंकवून आला, आणि युद्धानंतर रीतसर स्कॉटलंडकडून खेळला. सप्टेंबर १९४३ मध्ये वेम्बलीवर याहून कडी झाली. वेल्सचा आयव्हर पॉवेल जखमी झाला, वेल्सकडे राखीव कुणी नाही, तेव्हा इंग्लंडचा राखीव खेळाडू स्टॅन मॉर्टेन्सन वेल्सची जर्सी घालून मैदानात आला. क्लबांची तर काही विचारायची सोय नाही. जवळच्या छावणीत जो असेल तो पाहुणा म्हणून खेळणार. ऑल्डरशॉट हा तिसऱ्या श्रेणीचा चिमुकला क्लब, पण शेजारी लष्कराचं ठाणं असल्यामुळे ब्रिटन, कलिस आणि मर्सर ही इंग्लंडची अख्खी हाफबॅकची फळी त्यांच्याकडून खेळायची. अशा भेळीला अधिकृत दर्जा कसा द्यायचा, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे.

रास्त आहे, पण प्रामाणिक नाही. कारण हाच निकष स्कॉटलंडने पहिल्या महायुद्धाला लावलेला नाही.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा स्कॉटिश लीग थांबली नाही. स्कॉटिश कप थांबला, आंतरराष्ट्रीय सामने थांबले, पण लीग चारही वर्षं चालू राहिली आणि तिचा प्रत्येक निकाल आजही पक्का आहे. एडिंबराच्या हार्ट्स क्लबने १९१४-१५ मध्ये सलग आठ विजयांनी सुरुवात केली. पहिल्याच दिवशी गतविजेत्या सेल्टिकला २-० असं हरवलं. नोव्हेंबरात सर जॉर्ज मॅक्रे यांनी स्वयंसेवकांची पलटण उभी केली तेव्हा हार्ट्सच्या पहिल्या संघातले खेळाडू एकत्र जाऊन भरती झाले. त्यापुढचा मोसम ते कसे खेळले असतील? शनिवारी सामना, एरवी कवायत, रात्री मैलोन्‌मैल पायपीट, वसंतात विषमज्वराच्या लसी टोचून घेतलेल्या आणि अंगात ताप. लीग गेली सेल्टिककडे, चार गुणांनी. टॉम ग्रेसीने त्या मोसमात २९ गोल केले आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. हॅरी वॉटी, डंकन करी आणि अर्नेस्ट एलिस हे तिघे १ जुलै १९१६ ला, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारले गेले. एका संघाचे पाय छावणीत झिजत होते आणि दुसऱ्याचे नव्हते, याहून विषम स्पर्धा कोणती दाखवाल? तरी ते विजेतेपद सेल्टिकच्या खात्यात आहे. ते काढून घ्या असं हार्ट्सचे पाठीराखेसुद्धा म्हणत नाहीत. हळहळतात, पण निकाल मान्य करतात.

१५ एप्रिल १९१६ चं उदाहरण तर आणखी नामी आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यांचं काम अडू नये म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी सामने घ्यायला बंदी. सेल्टिकचा एक सामना तुंबलेला. मग त्यांनी एकाच दिवशी दोन खेळले! दुपारी घरच्या मैदानावर रेथ रोव्हर्सला ६-० हरवलं आणि संध्याकाळी मदरवेलला जाऊन ३-१ जिंकले. हे ‘धड फुटबॉल’ म्हणायचं का? दोन्ही निकाल नोंदीत आहेत. नुसते आहेत असं नाही. नोव्हेंबर १९१५ ते एप्रिल १९१७ या काळात सेल्टिक लीगमध्ये ६२ सामने अपराजित राहिलं आणि तो ब्रिटनचा विक्रम शंभर वर्षं टिकला. २०१७ मध्ये सेल्टिकनेच तो मोडला तेव्हा केवढा गाजावाजा झाला. विक्रमाचा प्रत्येक दिवस युद्धातला होता, समोरचे संघ भरतीने पोखरलेले होते, स्वतः सेल्टिकचा पीटर जॉनस्टन लष्करात गेला आणि मे १९१७ मध्ये अरासच्या लढाईत पडला. त्या विक्रमापुढे कुणी तारांकन लावलं नाही आणि लावूही नये. पण मग १९४२ च्या हॅम्पडनने कुणाचं काय घोडं मारलंय?

यावर उत्तर येतं की, पहिल्या युद्धात लीग ‘लीग’ म्हणूनच चालू होती, दुसऱ्यात ती बंद करून तात्पुरत्या प्रादेशिक स्पर्धा घेतल्या. बरोबर. म्हणजे खेळाचा दर्जा, पाहुणे खेळाडू, थकलेले पाय यातलं काहीही कारण नव्हतं. कारण होतं ते ठरावाचं. एका समितीने म्हटलं ‘चालू’, दुसऱ्या पिढीतल्या समितीने म्हटलं ‘बंद’, आणि आपण त्या दोन शब्दांना निसर्गनियम समजून बसलोय. ओल्ड फर्मच्या, म्हणजे रेंजर्स-सेल्टिक या जोडीच्या चाहत्यांना यातली सोय बरोबर कळते. १ जानेवारी १९४३ ला आयब्रॉक्सवर रेंजर्सने सेल्टिकला ८-१ असं धुतलं. तो सामना अनधिकृत. त्यामुळे या दोघांमधला सर्वांत मोठा अधिकृत विजय म्हणून १९५७ च्या लीग कप अंतिम सामन्यातला सेल्टिकचा ७-१ मिरवला जातो. कुठलं युद्ध मोजायचं आणि कुठलं नाही, यात दोन्ही बाजूंनी अंगचोरपणा आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, आणि तो नैतिक आहे. युद्धकाळात देशाकडून कोण खेळू शकलं? जे ब्रिटनमध्ये राहिले ते. शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षक, हवाई दलाच्या घरच्या तळावरचे. रेंजर्सचा विली थॉर्नटन काय करत होता? सोळाव्या वर्षी पहिल्या संघात आलेला हा पोरगा सिसिलीत लढत होता, तिथे त्याने मिलिटरी मेडल मिळवलं. टॉमी वॉकर लष्करी नोकरीत भारतात आला. तेव्हा डॉड्सला आठ आणि थॉर्नटनला काहीच नाही, असा हिशेब मांडला तर आघाडीवर गेलेल्यांवर तो दुहेरी अन्याय नाही का? जिमी स्पीअर्सचं काय? ग्लासगोचा हा खेळाडू १९११ च्या एफए कप अंतिम लढतीत ब्रॅडफर्ड सिटीचा कर्णधार होता, एकमेव गोल त्याचाच. दोन मुलांचा बाप असूनही १९१५ मध्ये स्वतःहून भरती झाला, मिलिटरी मेडल मिळवलं आणि ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममध्ये पासेंडेलच्या लढाईत मारला गेला. त्याच्या नावावर स्कॉटलंडचा एक सामना आहे आणि तो एकच राहणार.

हा आक्षेप पचवायला जड आहे. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो, की सामन्याची नोंद हे बक्षीस आहे. देशासाठी सोसलेल्या त्रासाची पावती. तसं असतं तर स्पीअर्सच्या नावावर हजार सामने लिहावे लागतील. नोंद ही फक्त एवढंच सांगते की अमुक माणूस अमुक दिवशी मैदानात होता आणि त्याने अमुक केलं. शौर्याची नोंद ठेवायला पदकं आहेत, स्मारकं आहेत, एडिंबराच्या हेमार्केटमध्ये हार्ट्सचं घड्याळाचं स्मारक १९२२ पासून उभं आहे. थॉर्नटनने सिसिलीत जे केलं ते डॉड्सच्या आठ सामन्यांनी तसूभरही कमी होत नाही, आणि डॉड्सचे आठ पुसल्याने थॉर्नटनला काडीचाही लाभ होत नाही. शिवाय शांततेच्या काळात तरी संधी समान वाटली जाते का? बस्बीला एक सामना मिळाला तो काय बॉम्ब पडत होते म्हणून? दुखापत, निवडकर्त्यांची खुन्नस, चुकीच्या क्लबात असणं, या सगळ्याने संधी हुकते आणि त्या हुकलेल्या संधींसाठी आपण खेळलेल्यांचे सामने रद्द करत नाही.

आता थोडं आपल्याकडे बघू, कारण याच प्रश्नाचं उत्तर आपण कधीच देऊन टाकलंय आणि विसरूनही गेलोय. महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक दोनदा जिंकला. कधी? १९३९-४० आणि १९४०-४१. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली, ऐन महायुद्धात. देवधरांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध काढलेल्या २४६ धावा, विजय हजारेंचं बडोद्याविरुद्धचं नाबाद ३१६, रणजीतलं ते पहिलं त्रिशतक, हे सगळं त्याच दोन मोसमांतलं. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबॉर्नवर धर्मनिहाय संघांच्या पंचरंगी सामन्यात हजारेंनी संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्याने काढल्या. विजय मर्चंटची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, जगात फक्त ब्रॅडमनच्या मागे, आणि त्यातला किती मोठा भाग युद्धाच्या वर्षांतला आहे हे कुणीही पडताळून बघावं. युद्धकाळ वगळा, की महाराष्ट्राच्या खात्यावर रणजी विजेतेपदं उरतात शून्य. पुण्यात हे बोलून दाखवायची कुणाची छाती आहे?

आणि याच मुंबईत या वादातला सगळ्यात बोलका पुरावा आहे. डेनिस कॉम्प्टन. हा इंग्रज, पण त्याच्याशिवाय हा लेख अपुरा राहील. क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हींत इंग्लंडकडून खेळलेला. लष्करी नोकरीत महूला आला आणि सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्नवर रणजीचा अंतिम सामना खेळला. मुंबईच्या मर्चंटने २७८ काढल्या. होळकर संघ हरला, पण कॉम्प्टन दुसऱ्या डावात नाबाद २४९. त्या धावा त्याच्या प्रथम श्रेणीच्या आकड्यांत आहेत. हाच माणूस त्याच युद्धात इंग्लंडकडून फुटबॉलचे बारा सामने खेळला, वेम्बलीवर, हॅम्पडनवर. फुटबॉलच्या वहीत त्याचे अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने शून्य. तेच पाय, तोच काळ, तोच गणवेश. मुंबईतल्या धावा खऱ्या आणि वेम्बलीवरचं फुटबॉल खोटं?

इथे एक खाचखळगा आहे, तो लपवत नाही. भारतात सक्तीची भरती नव्हती, रणजीचे संघ आघाडीने ओस पाडले नव्हते, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. आणि क्रिकेटनेही १९४५ च्या उन्हाळ्यातल्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ‘विजय कसोट्यां’ना कसोटीचा दर्जा दिला नाही, कारण ऑस्ट्रेलियाच्या संघात आधी कसोटी खेळलेला एकटा लिंडसे हॅसेट होता. पण निदान त्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला, कीथ मिलरच्या धावा वाऱ्यावर गेल्या नाहीत. फुटबॉलमध्ये असा मधला मजलाच नाही. सामना एक तर अधिकृत, नाहीतर नाहीच. आणि स्कॉटलंडचा संघ काही ऑस्ट्रेलियासारखा नवख्यांचा नव्हता. शँक्ली, वॉकर, बस्बी हे युद्धाआधी देशाकडून खेळलेले होते, लिडल आणि वॉडेल युद्धानंतर खेळले. एप्रिल १९४४ ला हॅम्पडनवर १ लाख ३३ हजार माणसं आली होती. सरावाचा सामना बघायला एवढी येत नाहीत.

‘जुन्या वह्या आता कोण उघडणार’ हा शेवटचा बचाव. उघडतात की! स्कॉटिश फुटबॉल असोसिएशननेच उघडल्यात. एके काळी टोपी, म्हणजे देशाकडून खेळल्याची खूण, फक्त इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडविरुद्ध खेळणाऱ्यालाच मिळायची, त्यामुळे स्टुअर्ट इमलाक १९५८ चा विश्वचषक खेळूनही टोपीविना राहिला. त्याच्या मुलाने आवाज उठवला आणि २००६ मध्ये अशा जुन्या खेळाडूंना टोप्या दिल्या गेल्या. २०२१ मध्ये तर त्यांनी १९६७ च्या परदेश दौऱ्यातल्या सामन्यांना चोपन्न वर्षांनी अधिकृत आंतरराष्ट्रीय दर्जा दिला आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसन उतारवयात स्कॉटलंडचा आंतरराष्ट्रीय खेळाडू झाला. बरं झालं. पण त्या दौऱ्यावर स्कॉटलंडचे बिनीचे खेळाडू नव्हतेच. दुय्यम संघाचा दौरा पूर्ण दर्जाचा ठरू शकतो, तर इंग्लंडविरुद्धच्या डॉड्सच्या हॅटट्रिकला दार बंद का? अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी कृष्णवर्णीयांच्या जुन्या लीगना २०२० मध्ये प्रमुख लीगचा दर्जा दिला, २०२४ मध्ये आकडे एकत्र केले आणि फलंदाजीच्या सरासरीच्या यादीत टाय कॉबच्या वर त्या जुन्या लीगमधला जॉश गिब्सन आला. आकाश कोसळलं नाही.

अर्थात सामना दोन देशांचा असतो. एकट्या स्कॉटलंडने आपले सात-आठ जोडले आणि इंग्लंडने जोडले नाहीत तर विनोद होईल. दोघांनी बसून १९३९ ते १९४६ ची यादी एकदाच घ्यायला हवी आणि घ्यायची तर सरसकट घ्यायला हवी. मॉर्टेन्सनचा वेल्सकडून खेळलेला सामना, पिअरसनचा इंग्लंडकडून खेळलेला सामना, जसा झाला तसा. आणि इथेच मला शंका येते की स्कॉटलंडमध्ये या मागणीला फारसा जोर का येत नाही. त्या वर्षांत इंग्लंडने त्यांना सपाटून मारलंय. १९४२ च्या ५-४ सारखे विजय मोजकेच. एप्रिल १९४३ ला हॅम्पडनवर ०-४, फेब्रुवारी १९४४ ला वेम्बलीवर २-६, आणि १६ ऑक्टोबर १९४३ ला मँचेस्टरच्या मेन रोडवर ०-८. आज स्कॉटलंडचा सर्वांत मोठा पराभव म्हणून १९५४ च्या विश्वचषकातला उरुग्वेविरुद्धचा ०-७ दाखवला जातो. वही उघडली तर ती जागा मेन रोडला जाईल, आणि तीही इंग्लंडकडून. डॉड्सची हॅटट्रिक हवी असेल, शँक्लीचा गोल हवा असेल, तर स्कॉटलंडने हे आठही गोल पदरात घ्यावेत.